तास की किलोमीटर? : मोटोक्रॉसच्या गाड्या आणि इंजिनाचा भरवसा

मोटारसायकल हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण अर्थशास्त्राच्या तासाला ‘टिकाऊ उपभोग्य वस्तू’ हा शब्दप्रयोग आपण वर्षभर ऐकतो आणि ती वस्तू टिकते म्हणजे नेमके काय होते, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. आमच्या नालवाडीच्या रस्त्यावर सकाळी उभे राहिले तर दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले, वर्ध्याला कामावर निघालेली माणसे असा सारा संसार दुचाकीवर स्वार झालेला दिसतो. यांतील कोणती गाडी ‘भरवशाची’ आणि कोणती ‘नखऱ्याची’ याविषयी प्रत्येकाचे ठाम मत असते. पण ते मत कशावरून बनले हे विचारले तर उत्तर मिळत नाही. या प्रश्नाचा अभ्यास करताना मी मोटोक्रॉसच्या वाटेने गेलो. कारण त्या खेळात इंजिनाची परीक्षा सर्वांत कडक होते आणि तिचा निकाल हजारो लोकांसमोर लागतो.

मोटोक्रॉस म्हणजे डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. माती, चिखल, वाळू, चढउतार आणि उड्या असलेल्या बंद मार्गावर ठराविक वेळ गाड्या पळवावयाच्या, असा हा खेळ आहे. त्याचा उगम इंग्लंडमधला. १९२४ साली दक्षिण इंग्लंडात कॅम्बरली येथे झालेली ‘स्क्रॅम्बल’ ही या प्रकारची पहिली शर्यत मानतात. पुढे फ्रेंचांनी मोटारसायकल आणि ‘क्रॉस कंट्री’ या शब्दांचा सांधा जुळवून ‘मोटोक्रॉस’ हे नाव दिले. ५०० सीसी गटाची युरोपीय स्पर्धा १९५२ मध्ये सुरू झाली, तिला जागतिक दर्जा १९५७ मध्ये मिळाला आणि २५० सीसी गटाला १९६२ मध्ये. या गाड्यांना दिवा नसतो, हॉर्न नसतो, आरसा नसतो. त्यांची नोंदणीही होत नाही. म्हणजे खरी मोटोक्रॉस गाडी वर्धा-नागपूर रस्त्यावर कायद्याने येऊच शकत नाही. आपल्याकडची तरुण मंडळी उंच मडगार्ड व खडबडीत टायर पाहून ज्यांना मोटोक्रॉस म्हणतात, त्या गाड्या बहुधा तिच्या दूरच्या नातेवाईक असतात. हा फरक ध्यानात न ठेवल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात, म्हणून तो आधीच सांगितला.

आरंभीच्या काळात या खेळात चार-स्ट्रोक इंजिनांचे राज्य होते. इंग्लंडची बीएसए, स्वीडनची हुस्कवार्ना अशा कारखान्यांच्या गाड्या जड, पण दमदार असत. बीएसएच्या गाडीवर जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे ५०० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. तेथून मात्र वारे फिरले. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड कंपनीच्या दोन-स्ट्रोक गाडीवर ते अजिंक्यपद मिळविले. २५० सीसी गटात सीझेडवरच बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये विजेता ठरलेला होता. पुढे जवळजवळ तीन दशके या खेळात दोन-स्ट्रोक इंजिनाला पर्याय उरला नाही.

याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे इंजिनाच्या पोटात शिरावे लागेल. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर व दोनदा खाली गेला की एकदा स्फोट होतो. दोन-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्फोट. वर झडपा नाहीत, झडपा उघडणारा कॅम नाही, त्याची साखळी नाही. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या ठेवलेल्या असतात आणि पिस्टनच येता-जाता त्या उघडतो व मिटतो. सुटे भाग कमी, वजन कमी आणि त्याच आकारात शक्ती जास्त. तोटे दोन. एक म्हणजे धूर निघून जाताना काही ताजे पेट्रोलही त्याच्याबरोबर न जळता निसटते. दुसरा म्हणजे इंजिनात निराळे ऑईल फिरत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पेट्रोल पंपावर ‘टूटी ऑईल’ टाकून गाडी डाव्या-उजव्या अंगाला हलविणारी माणसे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत, ती याचसाठी. ऑईल कमी पडले की पिस्टन तापून भिंतीला चिकटे, आणि जास्त पडले की प्लग काळा होऊन गाडी बंद.

निसटणारे पेट्रोल परत आत ढकलण्याची युक्ती पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने विकसित केली. धुराची नळी मध्ये फुगीर व शेवटी निमुळती केली, तर आवाजाची लाट उलट फिरून बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटते. आता ही युक्ती जपानात कशी पोचली ती हकिगत एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे. एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीत विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता; त्याचे इंजिन मध्येच बंद पडले, आणि तो पूर्व जर्मनीला परत न जाता पश्चिमेकडे निघून गेला. पुढच्याच वर्षी तो सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर विश्वविजेता झाला. ही रस्त्यावरच्या शर्यतीची गोष्ट खरी, पण तिचे फळ मातीवरच्या शर्यतीतही दिसले. सुझुकीने १९६५ मध्ये युरोपात मोटोक्रॉससाठी गाडी पाठविली तेव्हा ती चांगलीच मागे पडली. कंपनीने नाद सोडला नाही. ओले पेटरसन या स्वीडिश खेळाडूला गाडी तयार करण्याच्याच कामी घेतले, तो सांगेल तसे बदल करीत गेली आणि १९७० मध्ये जोएल रोबेर हाच खेळाडू सुझुकीवर २५० सीसीचा विजेता झाला. मॉडेलचा विकास म्हणजे नकाशावर आखणारा एक आणि मातीत आपटणारा दुसरा यांच्यातला दीर्घ पत्रव्यवहारच म्हणावयाचा.

नंतरची प्रगती भराभर सांगतो. १९७३ मध्ये यामाहाने मागच्या चाकाला दोन शॉकॲब्सॉर्बरऐवजी एकच लांब शॉकॲब्सॉर्बर लावला. ही मूळ कल्पना बेल्जियमच्या ल्युसियँ तिल्केन्सची. हाकान अँडरसनने त्याच वर्षी तिच्यावर २५० सीसीचे अजिंक्यपद घेतले. त्याच वर्षी चार-स्ट्रोकचा अभिमान बाळगणाऱ्या होंडालाही ‘एल्सिनोर’ ही दोन-स्ट्रोक गाडी बाजारात आणावी लागली. १९८० च्या सुमारास पाण्याने थंड होणारी इंजिने आली. आणि मग चक्र पुन्हा उलटे फिरले. धुराचे नियम कडक होऊ लागले, अमेरिकेतील नियमांनी चार-स्ट्रोकला मोठ्या आकाराची सवलत दिली, आणि १९९७ मध्ये डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या चार-स्ट्रोकवर जिंकली. दहा वर्षांच्या आत मोठ्या स्पर्धांच्या वरच्या गटांतून दोन-स्ट्रोक जवळजवळ हद्दपार झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोटोक्रॉसच्या गाडीबरोबर येणारी पुस्तिका उघडली तर देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये नसते, तासांमध्ये असते. इतक्या तासांनी ऑईल, इतक्या तासांनी झडपांचे अंतर, इतक्या तासांनी पिस्टन. आणि पिस्टन बदलण्याचा आकडा दोन अंकीच असतो. काही मॉडेलांना १५ तास सांगितलेले आहेत, काहींना ५०. समजा, ५० तास धरले. आपल्या साध्या गाडीवर ताशी ४० किलोमीटरने ५० तास म्हणजे २,००० किलोमीटर. नालवाडीहून नागपूर सुमारे ७५ किलोमीटर आहे. म्हणजे नागपूरच्या तेरा खेपा झाल्या की पिस्टन बदलावयाचा! हे ऐकून आमच्या वर्गातील एक विद्यार्थी म्हणाला, “मग ही गाडी कसली चांगली?” त्याचा प्रश्न बरोबर होता, फक्त चांगली कशासाठी एवढेच त्याने विचारावयाचे राहिले.

थोडे गणित मांडतो. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीच्या २५० एसएक्स-एफ या मोटोक्रॉस गाडीत पिस्टनची धाव ५२.३ मिलिमीटर आहे. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या गाडीत ती ४९.५ मिलिमीटर होती. म्हणजे दोहोंत फरक नगण्य. परंतु पहिली मिनिटाला १३,००० फेरे सहज घेते, तर दुसरी रस्त्याने संथपणे जाताना ५,००० च्या आसपास. पहिलीच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटरांहून अधिक भरतो, दुसरीचा सव्वाआठ मीटर. पण खरी मेख वेगात नाही. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो, तेव्हा त्याला जो हिसका बसतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे २.६ पट झाले की हिसका पावणेसात पट. दर मिनिटाला तेरा हजार वेळा असे हिसके सोसणाऱ्या धातूला आयुष्य किती मागावयाचे?

तेव्हा मोटोक्रॉसचे इंजिन कमकुवत असते असे नाही. ते उघडण्यासाठीच बनविलेले असते. शर्यत संपली की एअर फिल्टर धुणे, ऑईल टाकणे, चेन पाहणे हे खेळाचाच भाग असतात. त्या फिल्टरचा फोम तेलात भिजविलेला असतो. धूळ त्याला चिकटून राहते आणि प्रत्येक फेरीनंतर तो धुऊन पुन्हा तेलात भिजवितात. साध्या गाडीचे इंजिन याच्या उलट, वर्षानुवर्षे कोणी उघडू नये म्हणून बनविलेले असते. पहिल्याचा भरवसा त्याच्या मिस्त्रीच्या शिस्तीत असतो आणि दुसऱ्याचा त्याच्या मंद चालीत. एकाची मापपट्टी दुसऱ्याला लावणे म्हणजे धावपटूला ‘तू नांगर का ओढत नाहीस’ असे विचारणे होय.

दिवाळीच्या सुट्टीत मी रोज दुपारी माझ्या मामांच्या गॅरेजात बसत असे. नालवाडीत मामांचे छोटेसे गॅरेज आहे. आमच्या भागाची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. रस्त्यांची कामे चालू असली की मुरूम आणि गिट्टीची भुकटी तिच्यात मिसळते. या धुळीत जे वाळूचे कण असतात ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करतात. त्यात वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. म्हणजे मोटोक्रॉसच्या मैदानावर जे दोन शत्रू असतात, धूळ आणि उष्णता, ते आमच्या रस्त्यावर फुकट हजर आहेत. मामांकडे ‘इंजिनाचे काम निघाले’ म्हणून ज्या गाड्या आल्या, त्यांपैकी बहुतेकींचा फिल्टर मी स्वतः काढून पाहिला. काही फिल्टर झटकल्यावर जमिनीवर मातीचा लहानसा ढीग पडला. कंपनीचे नाव कोणतेही असो, रोग एकच.

याच गॅरेजात मला या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजली, आणि ती कोणत्याही पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेली नाही. जुन्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये बिडाची नळी असे. ती झिजली की ब्लॉक काढून लेथवर न्यावयाचा, आतून पाव मिलिमीटर मोठा करावयाचा आणि त्या मापाचा ‘ओव्हरसाईज’ पिस्टन बसवावयाचा. पुन्हा झिजला तर आणखी पाव मिलिमीटर. यालाच आपण ‘बोअर करणे’ म्हणतो. एकच ब्लॉक असा तीन-चार जन्म घेई. शर्यतीच्या गाड्यांत मात्र बिडाची नळी काढून टाकून ॲल्युमिनियमवर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा केसाएवढा पातळ थर देऊ लागले. हा थर इतका कठीण असतो की तो फार हळू झिजतो, आणि उष्णताही पटकन बाहेर जाते. शर्यतीतून तो महागड्या रस्त्यावरच्या गाड्यांतही उतरला. प्रगती निर्विवाद आहे. पण एकदा का धूळ आत जाऊन त्या थराला ओरखडा पडला, की वर्ध्याचा कोणताही लेथ तो दुरुस्त करू शकत नाही. पूर्ण ब्लॉकच नवा आणावा लागतो. मामांनी असा एक ब्लॉक माझ्या हातात दिला व म्हणाले, “भाच्या, हे आतून आरशावानी हाये. याले खरादवर चढवलं का खेळ खतम.”

म्हणजे पाहा, यंत्र अधिक टिकाऊ झाले आणि त्याच पावली ते गावाच्या हाताबाहेर गेले. भरवसा वाढला की कमी झाला?

आमच्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न नवा नाही. विनोबा १९३२ मध्ये नालवाडीस येऊन राहिले आणि १९३८ मध्ये येथूनच पवनारला गेले. त्या काळात येथे सूतकताईचे जे प्रयोग झाले त्यांत यंत्र आणि माणसाचा हात यांच्या नात्याचा विचार सतत होता. त्याआधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजच्या एखाद्या अभियंत्यानेही अभ्यासाव्यात. चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, योग्य देखभाल केल्यास तो किमान २० वर्षे चालावा, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किंमतीच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, हे सोडून द्या. भरवसा म्हणजे काय हे तीन आकड्यांत इतक्या स्वच्छपणे मांडलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही. किंमत, आयुष्य आणि वर्षाची देखभाल. गाडी विकणारा यांपैकी पहिला आकडा मोठ्या टायपात सांगतो, दुसऱ्याविषयी मोघम बोलतो आणि तिसऱ्याविषयी गप्प बसतो.

हे गणित प्रत्यक्ष वापरून पाहण्याचा प्रसंग लवकरच आला. आमच्या वर्गातील एका मित्राच्या घरची जुनी गाडी थकली होती. कापसाचे पैसे आले होते. मित्राला ३९० सीसीची जुनी, पण दिसायला देखणी गाडी घ्यावयाची होती. जवळच्या गावातून ती स्वस्तात मिळतही होती. घरी दोन म्हशी, आणि रोजचे दूध पहाटे वर्ध्याला पोचवावयाचे. त्याच्या वडिलांनी, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, मला बोलावून घेतले व एवढेच विचारले, “बाबू, गाडी दोन दिवस बंद रायली, त दूध कोठं नेऊ?” मी चरखा संघाच्या त्या तीन अटी एका कागदावर लिहिल्या आणि दोन्ही गाड्यांपुढे आकडे मांडले. शंभर सीसीच्या गाडीचा ब्लॉक-पिस्टन वर्ध्यात त्याच दिवशी मिळतो. मोठ्या गाडीच्या ब्लॉकसाठी नागपूरला मागणी नोंदवावी लागते, आणि त्या एका भागाच्या किंमतीत लहान गाडीचे सबंध इंजिन नव्यासारखे होते. रेडिएटर, कूलंट, पंखा हे सारे निराळेच. काकाजींनी कागद दोनदा वाचला आणि शंभर सीसी घेतली. मित्र माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. माझ्या मते काकाजींचा निर्णय योग्य होता; तथापि ती मोठी गाडी वाईट होती असे मी तेव्हा म्हटले नाही आणि आताही म्हणत नाही. दुधाच्या कॅनसाठी ती बनविलेली नव्हती, एवढेच.

येथे बजाजविषयी लिहिणे भाग आहे, कारण हा धागा वर्ध्यातूनच निघतो. जमनालालजी वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. त्याच बच्छराजांचे नाव घेऊन १९४५ मध्ये जी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली ती पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना, मग इटलीच्या पियाजिओशी करार, तो १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून स्वतःची ‘चेतक’. ही १४५ सीसीची दोन-स्ट्रोक स्कूटर. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. तिची शक्ती बेताची, पण रचना अशी की तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही रस्त्याच्या कडेला इंजिन उतरवून परत बसवी. चेतकचा भरवसा धातूपेक्षा या ओळखीत होता, असे मामांचे मत आहे आणि मला ते पटते. पुढे जपानच्या कावासाकीशी सहकार्य झाले, १९९१ मध्ये चार-स्ट्रोक ‘४एस चॅम्पियन’, २००१ मध्ये ‘पल्सर’ आणि २००३ मध्ये तिच्यातच एका सिलिंडरला दोन प्लग.

२००७ मध्ये बजाजने केटीएममध्ये भागभांडवल घेतले, तेव्हा वर्ध्याचा हा धागा मोटोक्रॉसच्या मैदानावर जाऊन पोचला. केटीएमचे घर ऑस्ट्रियातील माटिगहोफेन. १९३४ मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्ट्झ यांनी तेथे दुरुस्तीचे दुकान काढले, म्हणजे मूळ पाहिले तर मामांच्या गॅरेजासारखेच! १९७४ मध्ये सोव्हिएत खेळाडू गेन्नादी मोइसेयेव याने या कंपनीला पहिले मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळवून दिले. १९९१ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, पुन्हा उभी राहिली, आणि डाकारच्या वाळवंटी शर्यतीत २००१ पासून २०१९ पर्यंत तिला कोणी हरवू शकले नाही. २०१० मध्ये इटलीच्या अँतोनियो काइरोलीने ४५० सीसीच्या प्रतिस्पर्ध्यांना केटीएमच्या ३५० सीसी गाडीवर मागे टाकून अजिंक्यपद घेतले. ‘मोठे इंजिन ते चांगले’ असे मानणाऱ्या मित्राला मी हे उदाहरण मुद्दाम सांगितले.

चाकणच्या कारखान्यात या नावाच्या रस्त्यावरच्या गाड्या तयार होऊ लागल्या. २०० ड्यूक २०१२ मध्ये, ३९० ड्यूक २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली. खऱ्या मोटोक्रॉस गाड्या मात्र बाहेरूनच येतात. २०२४ च्या अखेरीस त्या भारतात अधिकृतपणे विक्रीस आल्या तेव्हा ४५० एसएक्स-एफची किंमत दहा लाखांच्या वर होती. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे ढिगारे रचून भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. म्हणजे खेळ आपल्या दारात आला आहे, गाडी मात्र अजून श्रीमंताघरची आहे.

आणि मग एक असा प्रसंग घडला की भरवशाची व्याख्याच आणखी रुंद करावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात पुन्हा दिवाळखोरीची कार्यवाही सुरू केली. गाड्या विकल्या जाण्यापेक्षा अधिक वेगाने बनत होत्या, गोदामे भरली होती, कर्ज वाढले होते. माटिगहोफेनचे उत्पादन काही महिने थांबले. शर्यतीच्या मैदानावर इंजिने उत्तम चालत असताना कारखान्याचेच इंजिन बंद पडले! फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी येणे रकमेच्या ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. तिच्यासाठी पैसा उभा केला बजाजने, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा बजाजकडे आला. ज्याच्याकडे अशी गाडी आहे, त्याच्या दृष्टीने या वर्षभरातला प्रश्न पिस्टन किती तास टिकतो हा नव्हता, तो बदलावयाचा झाला तर नवा कोण देईल हा होता.

याचे उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याची येझदी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली, चेक जावाच्या कुळातली. कारखाना गेला तरी पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या गाड्या चालत राहिल्या, कारण ब्लॉक बिडाचा, रचना सोपी आणि खरादवाला घराजवळ. यामाहाची आरएक्स १०० ही दोन-स्ट्रोक गाडीही १९९६ मध्ये बंद झाली. मातीवरच्या स्थानिक शर्यतींत पोरांनी ती अनेक वर्षे पळविली आणि आजही तिचे पिस्टन, रिंगा, गॅस्केट दुकानात मागितले तर मिळतात. पुस्तिकेतील तासांचा किंवा किलोमीटरांचा हिशेब कारखाना चालू आहे असे गृहीत धरून केलेला असतो. या गाड्यांनी तो कारखान्याशिवाय पुरा केला.

आता चेतक हे नाव परत आले आहे, पण २०२० पासून ते विजेच्या स्कूटरवर आहे. मोटोक्रॉसमध्येही विजेच्या गाड्या उतरल्या आहेत. तेथे पिस्टन नाही, रिंगा नाहीत, फिल्टर नाही. काळ्या मातीची धूळ आत जाऊन घासणार असे फारसे काही उरलेले नाही. त्यांचे आयुष्य बॅटरी किती वेळा भरली व रिकामी झाली यावर मोजतात, आणि ४५ अंशांच्या उन्हात तो आकडा कमी होतो. मामांच्या गॅरेजात अशी पहिली स्कूटर गेल्या महिन्यात आली. तिचा ब्रेक लागत नव्हता. तो त्यांनी दहा मिनिटांत नीट करून दिला. बॅटरीची पेटी मात्र सीलबंद होती, तिला त्यांनी हात लावला नाही.